किसनच्या बुटांची काडी

कड्यावर चढायच्या बुटांचे नंबर म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, हे मी आजही भांडून सांगतो. जुन्नरच्या आमच्या किसनला रविवारी जीवधनजवळचा सुळका चढायचा होता. एक्केचाळीस नंबर त्याला एका कंपनीचा घट्ट, दुसरीचा ढगळ. म्हणून त्याने पायाच्या मापाची काडी देऊन मला पुण्याला पाठवलं. दुकानात एका कंपनीच्या एक्केचाळिसात ती काडी अडकली, दुसरीच्या चाळिसात नेमकी बसली. दुकानदाराशी भांडून मी तेच बूट आणले.

"लई ढिलं हायेत, भाऊ," किसन म्हणाला.

"काडी तर बरोबर बसली!"

"बसणारच. चपलेची काडी हाय ती, चुकून दिली तुला. आईनं बोटभर वाढवून तोडलीय."

रविवारी किसन अनवाणी चढला. मी खाली उभा राहून दोन्ही कंपन्यांना शिव्या घातल्या.