सतराव्या घडीबाबत

मी, कोरा विट्झेल, वय २१ वर्षे, व्यवसाय – गावच्या वाचनालयात मदतनीस, राहणार मॅपल स्ट्रीट, हार्लन फोर्क, ओहायो. ठाण्यात आपण होऊन हजर राहून, डेप्युटी लूमिस यांनी विचारल्यावरून सांगते की,

आमच्या अग्निशमन दलाचे प्रमुख येत्या शनिवारी निवृत्त होत आहेत. दलाच्या इमारतीवर फडकलेला राज्यध्वज त्या वेळी सर्वांसमक्ष घडी करून त्यांच्या हाती द्यावयाचा आहे. मागील समारंभात हे काम गावसभेच्या सदस्या श्रीमती व्हर्ना केसलर यांनी केले होते. त्यांनी सवयीने राष्ट्रध्वजाची त्रिकोणी घडी घातली. आपल्या राज्यध्वजाला दोन शेपटे असल्याने ते सशाच्या कानांप्रमाणे बाहेर राहिले व लोक हसले. ओहायो हे देशात सामील झालेले सतरावे राज्य, म्हणून याच्या घड्याही सतरा, आणि त्या घालण्यास दोन माणसे लागतात. या खेपेस काम माझ्याकडे आले, कारण राज्याच्या कायद्यातील त्यासंबंधीचे कलम मी वाचले होते. जोडीला दलातील स्वयंसेवक वेंडेल स्ट्राउप, वय २३, यांना नेमले, कारण ते उंच आहेत.

गावसभेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. काल सायंकाळी सरावासाठी ध्वज मीच काढून दिला. पाऊस होता. ध्वज भिजू नये म्हणून वेंडेल यांनी तो शर्टाच्या आत धरून वाचनालयात आणला. स्वतः मात्र ते भिजले. हे रस्त्यापलीकडून पाहून व्हर्नाबाईंनी ठाण्यात फोन केला, "पोट बघा त्याचं! सकाळी सपाट होतं. झेंडा चोरलाय मेल्यानं!" वेंडेल यांची दलात पगारी नेमणूक सोमवारी व्हावयाची आहे. चोरीची नोंद झाल्यास ती होणार नाही, असे कळल्यावरून मी आले आहे.

ध्वजाला हात लावण्यापूर्वी आम्ही दोघांनी हात साबणाने धुतले. कापड जमिनीला एकदाही टेकले नाही. पहिल्या घडीस दोघे ध्वजाच्या दोन टोकांना असतो. पुढे अंतर कमी होत जाते. शेवटच्या घडीस वीतभर उरते, व ध्वज एकाच्या तळहातांवरून दुसऱ्याच्या तळहातांवर जातो.

डेप्युटी लूमिस हे माझ्या वडिलांचे मित्र आहेत. त्यांनी विचारले, "किती वेळ लागतो गं याला?"

"फार नाही, काका."

"मग साडेआठपर्यंत दिवा कशाला जळत होता?"

घडी चुकल्यास ध्वज पूर्ण उलगडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असे मी सांगितले.

"चुकत कोण होतं?"

"मी."

"तू? शाळेत असताना मास्तरांच्या फळ्यावरच्या चुका काढायचीस, ती तू?"

सोळाव्या घडीपर्यंत सर्व ठीक होत असे. सतरावी माझ्याकडून चुकून बिघडत असे. वेंडेल विचारत, "पुन्हा गेली?" मी म्हणे, "गेली." ते म्हणत, "बरं झालं. म्हणजे, वाईट झालं." याहून अधिक संभाषण झाले नाही.

व्हर्नाबाई आज ठाण्यातच बसून होत्या. एवढे ऐकून त्यांनी तक्रार मागे घेतली व म्हणाल्या, "चोरी नाही ना, मग माझं काही म्हणणं नाही. पण पोरी, शनिवारी लोक जेवायचे थांबलेले असतात. तेव्हा एकदाच घाला!"

माझे हे सांगणे डेप्युटी लूमिस यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. दार उघडे होते व बाहेरच्या बाकावर वेंडेल स्ट्राउप बसले होते. त्यांनी तेथूनच विचारले, "चुकून?" त्यावरून सदर शब्द माझ्या विनंतीनुसार खोडण्यात आला असून खोडल्या जागी मी सही केली आहे. उरलेला मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे.

कोरा विट्झेल