राणीनं वाचलेला दगड

(कोपरजवळचं खाडीकाठचं जुनं गाव. सकाळी साडेअकरा. देवळासमोर छातीएवढा उंच, शेंदूर थापलेला दगड. पंढरी त्याच्यापुढे पाटावर बसलाय. बायको ठमाबाई तांब्या घेऊन शेजारी. पुतण्या दिपेश फोन हातात धरून उभा.)

ठमाबाई : …लोखंड लावायचा नाय, हे मना कळला. पण म्हणून माझा भाताचा कलथा?

पंढरी : लाकडाचा तोच सापडला गो. ठाण्याच्या क्लासचे सर बोलले, लाकूड घ्या, कोमट पाणी घ्या, घाई करू नका.

ठमाबाई : सरांना काय जातंय बोलायला. जेवायला सर नाय येत घरान.

दिपेश : काका, क्रेनवाल्याचा फोन आलेला. पत्रीपुलावर आहे. अर्ध्या तासात इकडे पोचेल.

पंढरी : येऊ दे.

दिपेश : येऊ दे काय? देवळाच्या कमिटीत ठरलं तेव्हा तू समोर बसलेलास. दगडावर लिहिलेलं निघालं तर दगड राहणार, नाय निघालं तर नव्या कमानीच्या पायात. बाराची वेळ तूच मागून घेतलेलीस. मी पुतण्या म्हणून नाय, अध्यक्ष म्हणून बोलतोय.

पंढरी : अध्यक्ष, जरा बाजूला सरा. उजेड अडतोय.

दिपेश : खरं सांगू, काका? देवळाच्या तोंडावर गाढव कोरलेला दगड बरा नाय दिसत. टॉवरमधली लोकं येतात, फोटो काढतात, हसतात. आपली इज्जत जाते फुकटची.

पंढरी : ते गाढव शिवी हाय. शिलाहार राजांच्या वेळची. देवाला जमीन दिली का असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मधी हुकूम, खाली गाढव. जो ती जमीन लाटील त्याच्यासाठी ती शिवी.

ठमाबाई : ऐक, ऐक. तू बिल्डिंगी बांधतोस ना, नीट ऐक.

दिपेश : काकी, माझं सगळं कायदेशीर आहे.

ठमाबाई : मी कुठं काय बोलली?

दिपेश : आणि हुकूम आहे कुठे? तीन दिवस घासतोयस. वरचे चंद्र-सूर्य सगळ्या गावाला माहीत आहेत, त्यात काय नवीन? राग नको मानू, पण त्रेसष्टाव्या वर्षी दर रविवारी ठाण्याला जाऊन पुरातत्त्वाचा क्लास, दहावी नापास माणसानं… पोरं ग्रुपवर काय काय टाकतात, तुला दाखवत नाय मी.

ठमाबाई : मना दाखव. आणि मी काय बोलते ते त्या पोरांना सांग. जमीन गेली तवा या माणसाच्या हाताचा काम गेला. दुपारी दोनला बाटली उघडायची, रात्री ओट्यावरनं उचलून आणायचा. चार वर्सं मी उचलला, तुमच्यातला एक आला नाय हात द्यायला. आता दुपारी चष्मा लावून वही उघडतात. रविवारी क्लास सुटला का तिथंच जुन्या संगीत नाटकाला बसतात, सोमवारी मोरीत पदं गातात. बेसूर गातात, पण शुद्धीवर गातात.

पंढरी : बेसूर?

ठमाबाई : तुम्ही खरवडा.

पंढरी : काय खरवडू? हे थर कोणाचे, ठमे? आज्यानं लावला, बापसानं लावला, चाळीस जत्रा मी लावला. शेंदराचा मान आपल्या घराचा म्हणून छाती काढून चाललो. आणि हुकूम असला तर तो मीच बुजवला. क्लासात सरांनी विचारलं, असे दगड खराब कोण करतं? मी मान खाली घालून बसलो.

दिपेश : काका, सोड ना आता. तू ट्राय केलंस. मी क्रेनवाल्याला…

पंढरी : थांब.

दिपेश : काय झालं?

पंढरी : थांब बोललो ना. ठमे, पाणी. थोडा… बस. ही खपली हलतेय. अख्खी सुटतेय, बघ. हळू… आली. आली हातात.

ठमाबाई : अगो बाय. आतून दगड कोरा करकरीत. काल घडवल्यासारखा.

पंढरी : वारा लागला नाय, पाणी लागला नाय. शेंदरानं राखला, ठमे. मी बुजवला नाय, राखला.

ठमाबाई : तेलात मुरलेली कैरी टिकते, तसा. उगाच तीन रात्री झोपला नाय तुम्ही.

दिपेश : यार, ही अक्षरं आहेत? खरंच अक्षरं आहेत?

पंढरी : जुनी नागरी. चष्मा पूस माझा. च… यावर टिंब हाय… द्रु. चंद्रु. मग सू… र्यु. पुढं अजून थर हाय.

दिपेश : चंद्रु? ते तर तुझं चिडवायचं नाव. लहानपणी आम्ही तुला बघून ओरडायचो, चंद्रु आला, चंद्रु आला.

ठमाबाई : नाटकातला. जगन मास्तरच्या नाटकातला.

दिपेश : मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. मला फक्त काका साडीत आठवतो.

ठमाबाई : साडी नाय, शालू. जत्रेच्या नाटकात अठरा वर्सं राणी झाले हे. मी लग्नाआधी पयल्यांदा बघितला तो राणीच्याच वेशात. माझ्यापेक्षा बरा नेसलेला. राजा देवाला जमीन देतो आणि राणी भर दरबारात हुकूम वाचते, त्यात ‘चंद्रु सूर्यु’ यायचा. तिथं सगळी हसायची. मग पोरं मोठी झाली, बोलली बाबा आमची मित्रं चिडवतात. त्या वर्षी शालू पेटीत गेला.

पंढरी : मी मास्तरला किती विनवलं. मास्तर, चंद्र-सूर्य करू या, लोक हसतात. तो बोलला, एक अक्षर हलवलंस तर राणी दुसरा उभा करीन. इतका गरीब माणूस, पण त्या वाक्यासाठी माझ्या अंगावर आलेला.

दिपेश : मग मास्तरनं ते आणलं कुठून?

पंढरी : …बापूस सांगायचा. मास्तर नवा होता शाळेत, तवा एकदा शेंदूर काढून दगड धुताना सापडला. गावानं त्याला काय काय ऐकवला. त्या वर्सापासून दुप्पट शेंदूर. मास्तर परत दगडाकडं फिरकला नाय. मना वाटायचा, घाबरला. घाबरला नव्हता रे. त्याचा वाचून झालेला. गावानं दगड बुजवला, म्हणून त्यानं तो नाटकात घातला. दर वर्सी गावाला ऐकवला, माझ्या तोंडून.

ठमाबाई : आणि आम्ही हसलो.

दिपेश : एक मिनिट. काका, मला पटतंय, पण कमिटी बोलेल, याला डायलॉग पाठ, म्हणून हा दगडावर तेच वाचतो. दोन शब्दांवर मी काय सांगू?

पंढरी : बरोबर बोललास. सर पण हेच विचारतील. मग असं कर. पुढचा थर अजून कोणी उघडला नाय. मी आधी बोलतो, मग तू तुझ्या हातानं काढ.

दिपेश : मी?

पंढरी : तूच. हा धर कलथा. ऐक, ‘स्वस्ति श्री…’

ठमाबाई : उभं राहा.

पंढरी : काय?

ठमाबाई : राणी पाटावर बसून हुकूम वाचत नाय. उभं राहा, आणि पार त्या पिंपळापर्यंत ऐकू जाऊ द्या. गुडघा दुखत असंल तर माझा खांदा धरा.

पंढरी : ‘स्वस्ति श्री. हे भूमि देवा दिधली. चंद्रु सूर्यु जंव तपती, तंव कोणें न मोडावी. मोडी तो गाढव.’

ठमाबाई : आवाज हाय अजून.

दिपेश : काकी, तुझ्या डोळ्यांत…

ठमाबाई : शेंदूर उडाला. तू तुझा काम कर.

पंढरी : ‘सूर्यु’च्या पुढं ‘जंव’ निघल. त्याच्यापुढं ‘तपती’. नाय निघाला तर क्रेनला मी स्वतः दोरी बांधून देतो.

दिपेश : हळू काढतो… सुटत नाय.

पंढरी : पाणी मुरू दे. दगड हजार वर्सं थांबलाय, तू पाच मिनिटं थांब.

दिपेश : सुटली. काका, ज आहे, वर टिंब. पुढे व. मग त. पुढे… प. आणि ती. त, प, ती. काका, तपती.

ठमाबाई : परत बोल.

दिपेश : तपती. मी वाचलं. मी स्वतः वाचलं, काकी.

पंढरी : फोटो काढ. सरांना पाठव.

दिपेश : पाठवला. ब्लू टिक आली… सर टाइप करतायत. लिहिलंय, ‘पंढरीदादा, आता कशालाही हात लावू नका, मी निघालो.’ काका, क्रेन आली बघ नाक्यावर. थांब. हॅलो, हां भाई, वापस ले लो. हां, पैसा पूरा मिलेगा. नाय, कॅन्सल नाय, कमान होणार, पण सहा फूट मागे घेऊ. इकडे दगड आहे आमचा.

पंढरी : आमचा बोलला.

ठमाबाई : ऐकला मी.

दिपेश : मी कमिटीला आणतो, सगळ्यांना. आणि ग्रुपवर पण टाकतो. बघू आता कोण हसतो ते.

ठमाबाई : जा. सावकाश जा. …अवो, आता इथं कोणी नाय. एक बोलू? मना अक्षर येत नाय. तुम्ही कितीदा पाटी घेऊन बसलात, मी उठून गेली. या वयात कशाला, बोलली.

पंढरी : मग?

ठमाबाई : पण हा हुकूम मना पाठ हाय. अठरा वर्सं पयल्या रांगेत बसून ऐकलाय. कुठलं अक्षर काय बोलतं, तेवढाच ठाऊक नाय.

पंढरी : सर बोलले हात लावू नका. असं लांबूनच धर बोट. तू बोल, मी बोट नेतो.