मावशीकडचे तास

गुडघ्याला शेक घेत आजी पडद्याआड पडून होत्या. पलीकडे फिजिओथेरपीवाल्या बाईंची भाची आणि तिची मैत्रीण बोलत होत्या.

भाची म्हणाली, "मार्क माझे जास्त, आणि मुलाखतीला बोलावलं तुला."

"त्या कॉलेजात फिजिओच्या कोर्सला नुसत्या मार्कांवर घेत नाहीत गं. दवाखान्यात बसून काम पाहिल्याचे तासही लागतात."

"इथे तुला आणलं कुणी?"

"तूच. पण मग तू का नाही बसलीस?"

"घरचाच दवाखाना. म्हटलं, तासांवर मावशीची सही काय, जेवताना घेऊ."

"मग?"

"मावशी म्हणाली, तू आलीच नाहीस, तर तास कुठले लिहू?"

शेकाच्या यंत्राची घंटी वाजली. मैत्रीण उठली.

"मावशी, आजींचा शेक झाला."

"ए, तिला बाई म्हण. मावशी ती माझी आहे."