ब्लँकेटचा फोटो

नाशिकहून येवल्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर चर्चचे एक पाळक बसले होते. एक बाई चढल्या, त्यांना ओळखून शेजारी टेकल्या.

“जय ख्रिस्त, लंकाबाई. दोन रविवार दिसला नाहीत?”

“तुम्ही तो हिब्रू शब्द शिकवला ना, त्सेदाका, तवा आले होते.”

“वा, लक्षात आहे. न्यायाचा शब्दच ज्यू लोक दानालाही वापरतात. म्हणजे देणारा उपकार करत नाही, ज्याचं त्याला पोचवतो.”

“लय पटलं होतं. म्हणून तर चर्चात वाटप झालं तवा ब्लँकेट घ्यायला पुढं आले. नायतर मी येत नाय.”

“मग?”

“तुम्ही म्हणाले, इकडं बघा, थोडं हसा. मी हसले. तो फोटो ग्रुपवर टाकला.”

“सगळ्यांचेच टाकले, बाई. देणाऱ्यांना दाखवावं लागतं.”

“पोरीला वर्गातल्या मुलींनी दाखवला. आता ती ब्लँकेट अंगावर घेत नाय. कुडकुडत झोपते. तुम्हाला बोल लावत नाय, साहेब. हसले मीच.”

“नाही, लंकाबाई, चूक माझी आहे. रविवारी उभा राहून सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.”

“परत सगळ्यांसमोर?”