राखणीला बसवलेले देव

मंडळी, सरकून बसा! मागचे पुढे या, पुढच्यांनी मांडी आवरा. आता आख्यान. पण आधी एक प्रश्न — स्वच्छता राहते कुठे? झाडूत? हातात? की बघणाऱ्याच्या डोळ्यांत? सांगा! ... कोणी बोलत नाही. बोलाल कसे? निम्म्यांच्या तोंडात तंबाखू आहे. असू द्या. आम्ही थांबलो तरी ती थांबायची नाही.

तर ऐका. हिंगणखेड नावाचं गाव. तिथले त्र्यंबकराव मुठाळ. भुसार मालाचे व्यापारी, देवस्थानचे पंच, आणि सोवळ्याला कडक! पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल नाही. अंगण असं, की सांडलेली साखर उचलून खावी. आणि अंगणातला केर कुठे जायचा? मागच्या दाराने, गल्लीत! गल्ली कोणाची? सरकारची. सरकार दिसतंय का कुठे? नाही. मग टाका!

तोंडात पानाचा तोबरा कायम. पण शिस्त बघा — स्वतःच्या भिंतीवर कधी थुंकले नाहीत. गल्लीत, समोरच्याच्या भिंतीवर! समोरचे दगडूशेट, तेही शिस्तीचे. तेही समोरच थुंकायचे. शेवटी त्र्यंबकरावांनी गल्लीकडच्या भिंतीवर देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या. ते पाहून दगडूशेटनीही बसवल्या. गणपती, दत्त, मारुती, पुढे मशीद, क्रूस... गावात सर्वधर्मसमभाव कुठे असेल तर त्या गल्लीत, गुडघ्याच्या उंचीवर! थुंकणं थांबलं का? छे हो! दोन देवांच्या मधे नेम धरू लागले. आणि नेम काय, कधी कधी चुकतो.

घर झाडिलें, दार झाडिलें।
गल्लीचें रे काय केलें?॥

हे आमच्याच पदरचं आहे हं, संतांच्या नावावर खपवू नका.

आता त्र्यंबकरावांचा मुलगा श्रीपाद जपानात नोकरीला. तिथल्याच हारुका नावाच्या मुलीशी त्याने लग्न ठरवलं. घरात आकाशपाताळ एक झालं. अखेर त्र्यंबकराव म्हणाले, "आधी माणसं बघून येतो." निघाले!

वाटेत सिंगापूर. तोंडात पान. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काका, इथे थुंकलात तर दंड होतो." "केवढा?" त्याने आकडा सांगितला. त्र्यंबकरावांनी गिळलं. मंडळी, ही झाली भयाची स्वच्छता. वाईट नाही. पोटाला जरा जड, इतकंच.

पुढे जपान. रस्त्यावर चिटोरं नाही. पिचकारी नाही. पोलीस म्हणावा, तर तोही नाही! हारुकाचे वडील ओकादा गाव दाखवायला बरोबर होते. त्र्यंबकरावांनी बाकावर बसून केळं खाल्लं, आणि साल टाकायला बघतात — तर कचऱ्याची टोपलीही नाही! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हात हळूच बाकाखाली नेला. तेवढ्यात ओकादांनी दोन्ही हात पुढे करून ती साल घेतली. रुमालात गुंडाळली. खिशात घातली. घरी नेऊन टाकली! व्याह्याने उष्टी साल खिशात घातली हो! त्र्यंबकरावांना भरून आलं. तिथेच लग्नाला होकार दिला.

गावी आल्यावर पारावर रोज एकच पारायण — "काय ती स्वच्छता! काय ती माणसं! आपल्या लोकांना कधी कळणार?" आणि एवढं बोलून झालं, की घरी येताना... पच्च! दगडूशेटच्या भिंतीवर.

पुढे लग्नासाठी ओकादा हिंगणखेडला आले. त्र्यंबकरावांच्या जिवाला घोर लागला. ज्याने माझी साल खिशात घातली, त्याला ही गल्ली दिसली तर? त्याच्या नजरेतून उतरलो तर? बायकोला बजावलं, "मागचं दार उघडायचं नाही." पण पाहुणा पहाटेचा उठणारा! सकाळी पाहतात तो मागचं दार सताड उघडं!

त्र्यंबकराव धावले. मागोमाग श्रीपाद. पाहतात तर काय — व्याही गल्लीत, दगडूशेटच्या भिंतीपुढे उभे. पायांतले बूट काढलेले! त्या गल्लीत, मंडळी! एकेका देवापुढे कमरेत वाकतायत, हात जोडतायत. मग खाली बसले, खिशातला रुमाल काढला, आणि दत्तगुरूंच्या पायांवरचा लाल डाग पुसायला लागले. डाग ताजा होता. आदल्या संध्याकाळचा. कोणाचा, ते त्र्यंबकरावांना ठाऊक होतं.

ओकादा काहीतरी बोलले. श्रीपादने सांगितलं, "बाबा, ते विचारतायत, आमच्याकडेही रस्त्याकडेला देव असतात. पण इतके देव, अशा जागी, इतके खाली का बसवलेत?"

त्र्यंबकराव तोंड वर करून, तोबरा सांभाळत म्हणाले, "शांग, राखणीला."

श्रीपादने सांगितलं. ओकादा गंभीर झाले. पुन्हा विचारलं.

"बाबा, ते म्हणतायत, राखण कोणापासून?"

आता काय सांगणार? कुत्र्यांपासून म्हणावं, तर कुत्रं पान खात नाही! तोंड भरलेलं. थुंकायला समोर भिंत, भिंतीशी व्याही, व्याह्याच्या हाताखाली दत्तगुरू. दंड नाही, पोलीस नाही. त्र्यंबकरावांनी जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या गावात, पान गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. पानाचं नव्हे.

म्हणाले, "सांग त्यांना, माझ्यापासून."

श्रीपाद सांगेना. "सांग म्हणतो ना!" त्याने सांगितलं. ओकादांनी नुसतं रुमाल धुवायला पाणी मागितलं. त्र्यंबकरावांनी सोवळ्याची बादली आणली, धोतर खोचलं आणि व्याह्याशेजारी बसून भिंत धुवायला घेतली. दगडूशेटनी खिडकीतून पाहिलं, आणि त्यांचं तोंडातलं तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी थुंकून गेलं. त्र्यंबकरावांनी धुतलं. तिसऱ्या दिवशीही गेलं. पुन्हा धुतलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. फक्त आता तिथे दोन बादल्या असतात, दुसरी दगडूशेटची.

तर मंडळी, देव आपण रक्षणासाठी पुजतो. पण कोणापासून, हे कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

आज प्रसादाला केळी आहेत. बाहेर सालींसाठी टोपली ठेवली होती, ती मी उचलायला लावली. दंड नाही, पोलीस नाही, कोणी बघणारही नाही. आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर फरशीसुद्धा नाही — मी पाहून आलोय. ती भिंत किती लाल आहे, तेही पाहून आलोय.

खिसे आहेत ना सगळ्यांना? चला, आरतीला उभे राहा.