आगीची खबर

बाबा : दूध नको म्हणतोय ना! शेजारणीकडून बाळाचा साबण आण, तो डोळ्याला झोंबत नाही. आणि नळाची धार सोड. शिंतोडे नकोत, धार. मिरचीचा अर्क तेलकट असतो, नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

आई : साबण आणला, खाली वाका. अहो, चोळू नका! जगाला सांगता, चोळू नका म्हणून.

बाबा : हात आपोआप जातो गं. चिमणे, कुठे आहेस?

चिमणी : ही काय, तुमच्यासमोर. बाबा, मला खरंच वाटलं की...

बाबा : ते राहू दे. मिरचीच्या फवाऱ्याची डबी पहिल्याच दाबाला उडाली का?

चिमणी : हो.

बाबा : धार सरळ गेली की फाकली?

चिमणी : सरळ. मफलरच्या वर, डोळ्यांच्या मधोमध.

बाबा : वा! आमच्याच कारखान्याच्या टाकीतला माल. झाकणं बसवायला मीच होतो.

आई : डोळ्यांतून पाट वाहताहेत आणि ह्यांना मालाचं कौतुक! आपलेच दात, आपलेच ओठ. पण काय हो, तुमची तर जादा पाळी होती ना? महिनाभर तेच ऐकतेय. मग तिच्या मागे गल्लीत कसे उगवलात?

बाबा : धार जरा डावीकडे धर.

आई : डावीकडेच आहे. बोला.

बाबा : पाळीबिळी काही नव्हती. ही चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून निघते तेव्हा अंधार पडलेला असतो. गल्लीत दिवा एक, तोही आला तर आला. म्हणून पहिल्या दिवसापासून जरा लांबून मागे मागे यायचो.

चिमणी : पहिल्या दिवसापासून?

बाबा : सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

चिमणी : म्हणालेच असते! पण मग मी आईला सांगितलं, मागून कुणीतरी येतं, पावलं वाजतात...

बाबा : आईनं मला सांगितलं. काळजात चर्र झालं गं. त्या दिवसापासून मग जवळून यायला लागलो.

चिमणी : कशाला?

बाबा : त्याला पकडायला!

आई : अगंबाई!

बाबा : पण महाबिलंदर. कधी दिसलाच नाही. तू वळून बघितलंस की मी खांबाआड व्हायचो, म्हटलं त्याला माझा सुगावा लागायला नको.

आई : आज सापडला म्हणा एकदाचा.

चिमणी : आई, हसू नकोस. बाबा, मी आज उभी राहून विचारलं ना, कोण आहे म्हणून? मग गप्प का राहिलात?

बाबा : बोललो असतो तर तुला कळलं असतं.

चिमणी : आणि तो मफलर?

बाबा : खोकला दाबायला. मिरचीच्या कारखान्यातला खोकला तुला घरबसल्या पाठ आहे. दोन कोरडे, एक लांब.

चिमणी : त्यावरूनच ओळखलं. पण डबी दाबल्यावर. तुम्ही खाली बसलात, खोकलात, आणि माझ्या हातातली डबी सुटली.

आई : चला, बाहेरचं कुणी नव्हतं ना! देव पावला. आता तोंडं धुवा आणि जेवायला बसा दोघं.

चिमणी : मी मालकांना सांगून आले आज.

आई : काय सांगून आलीस?

चिमणी : पुढच्या महिन्यापासून येत नाही म्हणून. काच घासायच्या यंत्रावर बसवणार होते मला. इतकी वर्षं त्या यंत्राला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाले, पोरी, नीट विचार केलास ना? मी म्हटलं, आमचे बाबा म्हणतात, जिवापेक्षा नोकरी मोठी नाही.

बाबा : म्हणालो होतो खरं.

चिमणी : तीनदा म्हणालात.

(बाबा पुन्हा नळाखाली डोळे धरतात.)

आई : फार भाजतंय का हो?

बाबा : भाजत नाहीच मुळी. तीच तर मिरचीची लबाडी. डोळा सुजतो, लाल होतो, पण आतून बघशील तर जळलेलं काही नसतं. आगीची नुसती खबर धाडते ती, आणि अख्खं शरीर धावत सुटतं. पाखराला तेवढी ती खबर पोचत नाही.

आई : आमची आजी म्हणायची ना...
हिरव्या झाडा लाल ठिणग्या, पाखरू वेचून खाई,
माणूस गेला तोडायाला, बोंबलत घरी येई.

चिमणी : आग नाही, नुसती खबर. महिनाभर माझ्या पाठीला तेच होत होतं, बाबा. घामानं कपडे भिजायचे. आणि मागे कोण? तर तुम्ही.

बाबा : मी तुला राखत होतो गं.

चिमणी : माहीत आहे. म्हणून तर रागावताही येत नाहीये नीट.

आई : ही आग किती वेळ राहायची?

बाबा : डबीवर पाऊण तास छापलंय. ते जरा कमीच छापलंय असं आता वाटतं.

चिमणी : सकाळी दुकान उघडायच्या आत मालकांना गाठते. सांगते, तो माणूस सापडला, मी काही जात नाही.

बाबा : कोण होता ते सांगू नकोस.

चिमणी : तुम्ही बरोबर येणार आहात, ते बघतीलच. डोळे तपासून घ्या आधी.

आई : घ्याच. महिनाभर स्वतःलाच शोधत हिंडला माणूस, नंबर नक्की लागलेला असणार.

बाबा : आणि संध्याकाळी? परत येताना?

चिमणी : संध्याकाळी मी एकटी येणार.

बाबा : लांबून सुद्धा...

चिमणी : बाबा.

बाबा : बरं. डबीत माल उरलाय ना?

चिमणी : आहे निम्मा.

बाबा : मग मी आपला ह्या खिडकीत बसतो. तू कोपऱ्यावर आलीस की जरा खोक.