कॅलिफोर्नियाची कियांती

वाइन भेट न्यायची तर आधी लेबल वाचायचं, हे मला अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या शेजाऱ्याने, टोनीने शिकवलं. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. त्याने आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. इटालियन माणूस, खूश होईल म्हणून मी कियांती घेतली, तीही चांगला गॅलनचा जार! टोनीने लेबल पाहिलं आणि जार सरळ फ्रिजमागे सारला.

"अरे, ही कॅलिफोर्नियाची! कियांती हे इटलीतल्या एका भागाचं नाव आहे. द्राक्षं तिथल्याच मातीतली हवीत. वाइन लाल, तरी त्यात थोडी पांढरी द्राक्षं घालावीच लागतात, असा कायदा आहे तिकडे. बाहेर पिकली की ती कियांती नव्हेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी बायको सुलभा मात्र शांतपणे काट्यावर स्पॅगेटी गुंडाळत होती. तिने विचारलं, "टोनी, तुमचा जन्म इटलीत कुठला?"

"माझा? इथलाच, नूअर्कचा."

"आणि आईवडिलांचा?"

"तेही नूअर्कचेच."

"पण तुम्ही इटालियनच ना?"

टोनी उठला, फ्रिजमागून जार काढला आणि आमचे ग्लास भरत म्हणाला, "घ्या, कियांती घ्या."